चार्ल्स पिअर्सन : भुयारी रेल्वेसाठी पैसे उभे करणारा वकील

तुम्ही लंडनमध्ये राहत असाल किंवा सुट्टीत इथे आला असाल, तर बेकर स्ट्रीट स्टेशनात ५ आणि ६ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर एकदा मुद्दाम जा. बरेच लोक तिथून घाईघाईने जातात आणि वर बघत नाहीत. तुम्ही मात्र वर बघा. डोक्यावर विटांची मोठी कमान दिसेल. दोन्ही बाजूंच्या भिंतींत तिरके झरोके दिसतील. हे स्टेशन १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झालं. त्या दिवशी पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जी रेल्वे धावू लागली, ती जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे.

अशा कामाची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा इंजिनिअरचं नाव घेतो. या रेल्वेचे इंजिनिअर होते जॉन फाउलर. ते मोठे इंजिनिअर होते, यात वादच नाही. पण आजच्या पाठात आपण एका वकिलाची ओळख करून घेणार आहोत. त्यांनी भुयाराचा नकाशा काढला नाही की इंजिन बनवलं नाही. ते या रेल्वे कंपनीचे संचालक नव्हते, मोठे भागधारकही नव्हते. तरीसुद्धा ते नसते, तर ही रेल्वे त्या काळात झाली असती का, याची शंकाच आहे. त्यांचं नाव चार्ल्स पिअर्सन.

गादीवाल्याचा मुलगा

चार्ल्स यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील गाद्या-गिरद्या आणि पिसांचा व्यापार करायचे. मुलाने आपला धंदा पुढे चालवावा, अशी तेव्हाची रीत होती. चार्ल्सही आधी वडिलांच्या हाताखाली काम शिकू लागले. पण त्यांचा ओढा कायद्याकडे होता. १८१६मध्ये ते सॉलिसिटर, म्हणजे वकील झाले. पुढच्याच वर्षी त्यांचं मेरी डटन यांच्याशी लग्न झालं. मेरी पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढे ती लागणार आहे. आज आपण ज्याला लंडन म्हणतो, ते खूप मोठं शहर आहे. पण त्याच्या मधोमध सुमारे एक चौरस मैलाचा एक जुना भाग आहे. त्याला सिटी ऑफ लंडन किंवा नुसतं सिटी म्हणतात. बँका, बाजार, मोठ्या कचेऱ्या सगळं तिथे. या भागाचा कारभार बघणारी संस्था म्हणजे सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन. चार्ल्स पिअर्सन याच संस्थेत आधी निवडून आले आणि १८३९मध्ये तिचे सॉलिसिटर झाले. हे पद त्यांनी मरेपर्यंत सांभाळलं. मध्ये काही वर्षं, १८४७ ते १८५०, ते लॅम्बेथ भागातून संसदेवरही निवडून गेले होते.

पिअर्सन यांचा स्वभाव कसा होता, हे त्यांच्या कामांवरून कळतं. सिटीत मॉन्युमेंट नावाचा एक उंच खांब आहे. १६६६च्या मोठ्या आगीची आठवण म्हणून तो उभारलेला आहे. ही आग कॅथलिक लोकांनी लावली, असा खोटा आरोप त्या खांबावर कोरलेला होता. तो पुसून टाकावा म्हणून पिअर्सन झगडले आणि १८३०च्या सुमारास तो मजकूर निघाला. ज्यू लोकांना सिटीत काही धंदे करायला बंदी होती. त्याविरुद्धही ते बोलले. गॅस कंपन्या आपसांत भाग वाटून घेऊन लोकांकडून जास्त पैसे घेतात, हे दिसल्यावर १८४९मध्ये त्यांनी गॅस वापरणाऱ्यांचीच कंपनी उभी करायला पुढाकार घेतला. एखादी गोष्ट मनात आली की ती सोडायची नाही, असा हा माणूस.

तुंबलेलं शहर

त्या काळातलं लंडन डोळ्यांसमोर आणा. बाहेरगावाहून येणाऱ्या रेल्वे शहराच्या कडेलाच थांबायच्या. पश्चिमेकडची गाडी पॅडिंग्टनला, उत्तरेकडची किंग्ज क्रॉसला. तिथून पुढे सिटीत जायचं कसं? घोड्याच्या बसने, भाड्याच्या घोडागाडीने, नाहीतर पायी. माल न्यायला बैठ्या गाड्या, बाजाराकडे हाकलत नेलेली गुरं, हातगाड्या, या सगळ्यांची एकाच रस्त्यावर गर्दी. रोज सुमारे २ लाख माणसं नुसती चालत सिटीत येत असत!

गरीब कामगारांची अवस्था तर आणखी वाईट होती. कामाच्या जागेपासून लांब राहणं त्यांना परवडत नसे, कारण रोज यायला-जायला गाडीभाडं कुठून आणायचं? मग ते सिटीच्या आसपास अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहायचे. एकेका खोलीत अख्खं कुटुंब. रोगराई तर पाचवीला पुजलेली. पिअर्सन १८३१ ते १८३३ या काळात सिटीच्या आरोग्य मंडळाचे प्रमुख होते. त्यामुळे अशा वस्त्यांचे हाल त्यांना ऐकून नव्हे, तर कामातून माहीत होते.

त्यांच्या डोक्यात एक साधं गणित होतं. स्वस्त आणि जलद गाडी असेल, तर कामगार शहराबाहेर मोकळ्या हवेत राहू शकेल. सकाळी कामाला येईल आणि रात्री घरी परत जाईल. आज आपल्याला यात काहीच नवल वाटत नाही. मुंबईत डोंबिवलीहून किंवा विरारहून लाखो लोक रोज हेच तर करतात. पण त्या काळी कामगार रोज रेल्वेने कामाला येईल, हा विचारच नवा होता.

पहिला नकार

१८४५मध्ये पिअर्सन यांनी एक पुस्तिका काढली. फ्लीट नदीच्या खोऱ्यातून फॅरिंग्डनपर्यंत जमिनीखालून रेल्वे न्यावी, अशी त्यांची सूचना होती. इंजिनाच्या धुराचा त्रास नको, म्हणून हवेच्या दाबाने गाडी चालवावी, असंही त्यांनी सुचवलं होतं. लोकांनी या कल्पनेची चेष्टा केली.

पुढच्या वर्षी सरकारने एक आयोग नेमला. लंडनच्या मध्यभागी रेल्वे येऊ द्यायची की नाही, हे त्याने ठरवायचं होतं. पिअर्सन यांनी आयोगापुढे सगळ्या रेल्वेंसाठी सिटीत एकच मोठं स्टेशन करायची योजना मांडली. आयोगाने ती नाकारली. इतकंच नाही, तर शहराच्या मध्यभागात रेल्वे आणूच नये असं मत दिलं.

झालं, दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. पिअर्सन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, चांगली नोकरी होती. पण त्यांनी विषय सोडला नाही.

आधी मोजा, मग बोला

मी आयटीत काम करतो. आमच्याकडे नवीन काम मंजूर करून घ्यायचं असेल, तर वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतात की आकडे कुठे आहेत. पिअर्सन यांना हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. सिटीत शिरण्याच्या मुख्य वाटांवर त्यांनी माणसं बसवली आणि मोजणी करून घेतली. किती माणसं पायी आली, किती बसने, किती गाड्या आल्या, सगळं. १८५४मध्ये संसदेची समिती पुन्हा या प्रश्नावर बसली, तेव्हा पिअर्सन हे आकडे घेऊन तिच्यापुढे गेले.

गर्दी आहे हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. पण गर्दी किती आणि कुठून येते, हे कागदावर मांडलं की ऐकणाऱ्याला ते टाळता येत नाही. आजही कुठल्याही शहरात मेट्रो आखताना सुरुवात अशाच मोजणीने होते.

त्याच वर्षी, ७ ऑगस्ट १८५४ रोजी, पॅडिंग्टनकडून सिटीकडे जाणाऱ्या भुयारी रेल्वेचा कायदा मंजूर झाला. पुढे ही कंपनी मेट्रोपॉलिटन रेल्वे या नावाने ओळखली गेली. खर्चाचा अंदाज होता सुमारे १० लाख पौंड.

कायदा झाला, पैसे कुठे आहेत?

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. रेल्वे बांधायला परवानगी मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं.

तेव्हा ब्रिटनमध्ये रेल्वे सरकार बांधत नसे. कंपनी स्थापन व्हायची. ती शेअर विकायची. शेअर म्हणजे कंपनीचा छोटासा हिस्सा. लोक शेअर विकत घेणार, त्या पैशातून रेल्वे होणार, आणि पुढे नफा झाला तर त्यातला वाटा त्यांना मिळणार. पण नफा होईल याची हमी कोण देणार? जमिनीखालून धावणारी रेल्वे कोणी कधी पाहिलेलीच नव्हती. वरची घरं खचली तर? धुराने माणसं गुदमरली तर? त्यात १८५४मध्येच ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं होतं. युद्धाच्या काळात पैसेवाले लोक हात आखडता घेतात.

जाता जाता आपल्याकडचं एक उदाहरण बघू. याच काळात मुंबईत रेल्वे येत होती. नाना शंकरशेट यांच्यासारखी मंडळी त्यासाठी धडपडत होती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जवळजवळ दहा वर्षं आधी. ती रेल्वे बांधणाऱ्या कंपनीची मुख्य कचेरी लंडनमध्ये होती आणि तिच्या शेअरवर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. रेल्वे तोट्यात गेली, तरी शेअर घेणाऱ्याला व्याज मिळणार, आणि ते भारताच्या तिजोरीतून. साहजिकच पैसे गोळा झाले. पिअर्सन यांच्या रेल्वेला अशी कुठलीच हमी नव्हती.

मग पैसे कोण देणार? याचं उत्तर शोधताना विचारायचा प्रश्न असा की ही रेल्वे झाली तर फायदा कोणाचा. पॅडिंग्टनला थांबणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा फायदा उघड होता. तिच्या प्रवाशांना थेट सिटीजवळ जाता आलं असतं. त्या कंपनीने १ लाख ७५ हजार पौंड द्यायचं कबूल केलं. किंग्ज क्रॉसच्या ग्रेट नॉर्दर्न कंपनीनेही साधारण तितकीच रक्कम देण्याचं आश्वासन दिलं. तरीही १८५७ संपत आलं, तेव्हा पुरेसे पैसे जमलेले नव्हते. खर्च कमी करायला मार्गही दोन्ही टोकांना थोडा छाटला गेला. भागधारक कंटाळले होते. कंपनी गुंडाळून टाकावी, अशी भाषा सुरू झाली होती.

शहरालाच भागीदार केलं

पिअर्सन यांनी आणखी एका फायदा होणाऱ्याकडे बोट दाखवलं. तो फायदा होता खुद्द सिटीचा. रेल्वे झाली तर सिटीच्या रस्त्यांवरची गर्दी कमी होणार होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती. कॉर्पोरेशनने फॅरिंग्डन भागातल्या जुन्या वस्त्या पाडून नवा रस्ता केला होता. रस्त्याच्या कडेची बरीच जमीन रिकामी पडून होती, तिला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. तिथे स्टेशन झालं तर त्या जमिनीचा भाव वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग कॉर्पोरेशननेच रेल्वेत पैसे का घालू नयेत? हा सवाल घेऊन पिअर्सन लोकांकडे गेले. त्यांनी सिटीच्या नागरिकांसाठी पुस्तिका छापली, सभा घेतल्या, सदस्यांना एकेकटं गाठून पटवलं. लोकांचा पैसा खासगी कंपनीत घालायचा का, यावर वाद होणारच होता. तो झालाही. शेवटी पिअर्सन यांनी १८५८मध्ये दोन्ही बाजूंना मान्य होईल असा सौदा घडवून आणला. कंपनीने लागणारी जमीन कॉर्पोरेशनकडून १ लाख ७९ हजार पौंडांना घ्यायची आणि कॉर्पोरेशनने कंपनीचे २ लाख पौंडांचे शेअर घ्यायचे.

जरा हिशेब करा. कॉर्पोरेशनला जमिनीचे १ लाख ७९ हजार मिळाले आणि त्याने २ लाख घातले. म्हणजे खिशातून फक्त २१ हजार पौंड जास्तीचे गेले. बदल्यात रिकामी पडलेली जमीन विकली गेली आणि रेल्वेत मोठा हिस्सा मिळाला. कंपनीला जमीन मिळाली, आणि पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास मिळाला. सिटीनेच पैसे घातले आहेत म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. उरलेले पैसे उभे राहिले आणि १८६०मध्ये खोदकाम सुरू झालं.

खणा आणि झाका

काम कसं झालं, तेही थोडक्यात बघू. आज भुयार खणायला मोठी यंत्रं असतात. तेव्हा ती नव्हती. म्हणून रस्ताच उघडा केला. रस्त्याच्या मधोमध मोठा चर खणला, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती बांधल्या, वर कमान घातली आणि पुन्हा माती टाकून रस्ता केला. फ्लीट नदीचं एव्हाना गटार झालेलं होतं. जून १८६२मध्ये ते फुटलं आणि चालू कामात घाण पाणी घुसलं. ते काढून काम पुन्हा मार्गी लावायला बराच वेळ गेला.

या कामाची आणखी एक बाजू तुम्हाला सांगायलाच हवी. रेल्वेच्या वाटेत आलेली हजारो गरिबांची घरं पाडली गेली. भाड्याने राहणाऱ्यांना भरपाई मिळत नसे. त्यांना दुसरी जागा देण्याची सक्तीही कंपनीवर नव्हती. बरेच जण शेजारच्या गल्लीत गेले आणि तिथली दाटी आणखी वाढली. ज्यांनी मोकळ्या हवेत राहावं असं पिअर्सन यांना वाटत होतं, त्यांनाच आधी बेघर व्हावं लागलं. पिअर्सन यांची तळमळ खरी होती, आणि हे नुकसानही खरं होतं. एखाद्या मोठ्या कामाची गोष्ट वाचताना दोन्ही लक्षात ठेवा.

रिकामी राहिलेली जागा

भुयार जवळजवळ तयार झालं होतं. पण १४ सप्टेंबर १८६२ रोजी पिअर्सन वारले. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. रेल्वे सुरू व्हायला चार महिनेसुद्धा राहिले नव्हते. सतरा वर्षं ज्या गाडीसाठी ते झटले, तिच्यात तिकीट काढून बसणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

१० जानेवारी १८६३ रोजी गाड्या सुरू झाल्या. मार्ग सुमारे ६ किलोमीटर, स्टेशनं सात. डब्यांत गॅसचे दिवे होते. इंजिनं मात्र वाफेचीच होती. वाफ पाण्याच्या टाकीत सोडायची सोय केलेली होती, तरी धूर व्हायचाच. विजेच्या गाड्या यायला १९०५ साल उजाडलं. पण धुराला घाबरून कोणी घरी बसलं नाही. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार लोकांनी प्रवास केला. पहिल्या वर्षात प्रवाशांचा आकडा ९५ लाखांवर गेला.

आणि कामगारांचं काय? १८६४मध्ये कंपनीने त्यांच्यासाठी पहाटेच्या खास गाड्या सुरू केल्या. एरवी तिसऱ्या वर्गाने नुसतं जायला ३ पेन्स पडायचे. या गाड्यांनी ३ पेन्समध्ये जाऊन परतही येता येत असे. पिअर्सन यांच्या मनातलं शहर अशा रीतीने हळूहळू आकार घेऊ लागलं.

कंपनीने पिअर्सन यांना त्यांच्या हयातीत बक्षीस देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. रेल्वे सुरू झाल्यावर कंपनीने त्यांच्या पत्नीला वर्षाला २५० पौंड द्यायचं ठरवलं.

आता आजच्या काळात येऊ. २४ मे २०२२ रोजी लंडनमध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली. तिचं एक मोठं स्टेशन फॅरिंग्डनलाच आहे. या लाइनसाठी पैसे कोणाकोणाकडून घ्यायचे, यावर अनेक वर्षं चर्चा झाली. सरकारने दिले, शहराने दिले, आणि जिला फायदा होणार होता त्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशननेही २० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. हीच ती संस्था, जिला दीडशे वर्षांपूर्वी पिअर्सन यांनी पहिल्यांदा रेल्वेत पैसे घालायला लावले होते.

पुढच्या वेळी फॅरिंग्डनवरून जाल, तेव्हा सोबतच्या कोणाला तरी ही गोष्ट सांगा. आणि हो, मराठीतून सांगा!

वाचून झाल्यावर

१. पिअर्सन यांनी सिटीत येणाऱ्या माणसांची मोजणी का करून घेतली?
२. १८५८च्या सौद्यात कॉर्पोरेशनचा आणि रेल्वे कंपनीचा काय काय फायदा झाला?
३. मुंबईची पहिली रेल्वे आणि लंडनची भुयारी रेल्वे यांच्यासाठी पैसे उभे करण्याच्या पद्धतीत काय फरक होता?
४. तुमच्या गावात नवी रेल्वे किंवा मेट्रो करायची ठरली, तर तिचा फायदा कोणाकोणाला होईल? कोणाचं नुकसान होईल? त्यांना भरपाई म्हणून काय द्यावं? घरच्यांशी बोला आणि दहा वाक्यं लिहा.